शिट्टी वाजेपर्यंत

बुधवार, २४ एप्रिल २०२४. मडगाव

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. पुढचा सगळा प्रवास म्हणजे त्या चुकीची फेड होती.

फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी, पहिला सामना, एफसी गोवा विरुद्ध आमची मुंबई सिटी. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला, छप्पन्नाव्याला ब्रँडन फर्नांडिसने. ब्रँडन तर घरचाच पोरगा, त्यामुळे स्टेडियम असं हललं की माझ्या हातातला सोडा शेजाऱ्याच्या पाठीवर सांडला. तो वळून हसला. दोन गोलांनी पुढे असलेला माणूस सगळं माफ करतो.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी उठलो. रात्री पावणेदहाची मुंबईची बस होती, स्टॉप जवळच होता, पण गेटवर गर्दी झाली की चुकणार हे नक्की. भाचा बरोबर होता. वय चौदा, आठवीची परीक्षा नुकतीच संपलेली.

"मामा, थांब ना."

"काय राहिलंय आता? चल."

"शिट्टी तर वाजू दे."

मी त्याचा दंड धरून त्याला जिन्याने खाली आणलं. गेटबाहेर रस ऑम्लेटच्या गाड्यावर तव्यात कांदा पडत होता. दोन प्लेट सांगितल्या, आणि तेवढ्यात स्टेडियम गप्प झालं. शांतता अशी अचानक येते हे मला माहीत नव्हतं. त्या गप्पपणात लांबच्या एका कोपऱ्यातून बारीक आरडाओरडा आला, म्हणजे आमचीच मंडळी. छांगटे, नव्वदावं मिनिट. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पावाचा तुकडा रश्शात बुडवायच्या आत पुन्हा तोच कोपरा ओरडला. विक्रम प्रताप. दोन-दोन. आम्ही गेटकडे धावलो, पण बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेने तिसरा मारला, तोही आम्ही भिंतीच्या अलीकडून ऐकला. गाडेवाल्याने गॅस बंद केला आणि गल्ल्यावर हात ठेवून बसून राहिला.

मी मुंबईहून मडगावला गेलो, सामना जिंकलो, आणि तीनपैकी एकही गोल पाहिला नाही.

बसमध्ये भाचा कणकवली येईपर्यंत बोलला नाही. मग त्याने शिक्षा सुनावली. ते तीन गोल मी मोबाइलवरही पाहायचे नाहीत. तो परवानगी देईपर्यंत. मी कबूल झालो. दुसरं करणार काय?

सोमवार, २९ एप्रिल. अंधेरी

डोंबिवलीहून अंधेरीला सामन्याला जाणं हाच एक प्रवास आहे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, आझाद नगरला उतरून शहाजी राजे क्रीडा संकुल. ६९व्या मिनिटाला पेरेरा डियाझ, ८३व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. दोन-शून्य, एकूण पाच-दोन. मी पूर्ण वेळ बसून होतो. शिट्टीनंतरही बसलो. भाच्याने फक्त मान हलवली, परवानगी नाही दिली. "हे घरचं मैदान होतं," म्हणाला.

अंतिम सामना शनिवारी, ४ मे. कोलकात्यात, मोहन बागानशी, त्यांच्याच मैदानावर.

बुधवार, १ मे. डोंबिवली

विमानाचे भाव पाहिले आणि लॅपटॉप मिटला. सकाळी सोसायटीत महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आटपून लोक पेढा घेत होते, आणि मी पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसून दहा वाजायची वाट पाहत होतो. दहाला एसीचं तत्काळ उघडतं. दोन तिकिटं मिळाली, गीतांजलीची, एक मिडल आणि एक साइड अपर. ताईला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग: "कोलकात्याला? आगगाडीने? या उन्हात? फुटबॉलसाठी?" चार प्रश्न, चारही रास्त. आदल्याच दिवशी कोलकात्याचा पारा ४३ अंशांवर गेल्याचं बातम्यांत होतं. तरी संध्याकाळी ती दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोकम आगळाची बाटली घेऊन आली. बाटलीला प्लास्टिकची पिशवी, वर रबर, त्यावर दुसरी पिशवी.

गुरुवार, २ मे. गाडीत

गाडी सहाला सीएसएमटीहून सुटते, आम्ही कल्याणला चढलो. कसारा घाटात मागून जोर लावायला बँकर इंजिनं जोडतात ते पाहायला भाचा दारात गेला, तिकीट तपासनिसाने त्याला आत हाकललं. घाट सगळा वाळलेला, करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर हिरवं काही नाही. नाशिक, मनमाड, दुपारी भुसावळ. दशम्या तिथेच संपल्या.

समोरच्या बाकावर अकोल्याला जाणारे एक काका होते. दोघांच्या अंगात निळे शर्ट पाहून त्यांनी विचारलं, "क्रिकेटचे का?" नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता वाढली. "मग हा संघ चांगला आहे का?"

याचं उत्तर द्यायला अकोल्यापर्यंतचा वेळ लागला.

कारण हा माझा सगळ्यात आवडता हंगाम, आणि त्यात आम्ही जमेल तितक्या रीतीने हरलो होतो. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सहाच्या सहा सामने हरलो. गुण शून्य. त्या गटात सौदीचा अल हिलाल होता, म्हणजे नेमार नवी मुंबईत येणार होता! नोव्हेंबरच्या ६ तारखेला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भाच्याने पिवळा शर्ट आणून ठेवला होता. ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला. आम्ही तरीही गेलो. नेमार नसताना दोन-शून्य हरलो. असता तर किती, हा हिशेब भाच्याने परतीच्या लोकलमध्ये मोठ्याने मांडायला घेतला तेव्हा मी त्याला वडापाव घेऊन दिला.

त्याच नोव्हेंबरमध्ये आमचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. हंगामाच्या ऐन मध्यात. त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले, झेक माणूस. आणि डिसेंबरच्या २० तारखेला अंधेरीत मोहन बागान आले.

तो सामना मी काकांना जरा रंगवून सांगितला, पण खरं तर रंगवायची गरजच नाही. आकाश मिश्राला लाल कार्ड, मग त्यांच्या आशीष रायला, लिस्टनला, मग आमच्या ग्रेग स्टुअर्टला... एकूण सात. चार आमची, तीन त्यांची. शेवटी मैदान रिकामं वाटायला लागलं, जसं सोसायटीत पोरांना एकेक करून आया हाका मारून वर नेतात तसं. आम्ही दोन-एकने जिंकलो, बिपिनच्या गोलवर. स्टुअर्टनेही त्यात गोल केला होता, आणि जानेवारीत तोही संघ सोडून गेला.

"म्हणजे कोच गेला, चांगला खेळाडू गेला," काका बोटांवर मोजत म्हणाले. "मग?"

मग आम्ही जिंकत सुटलो. साखळीच्या शेवटच्या सामन्याला आमचे ४७ गुण, मोहन बागानचे ४५. साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड मिळते. आम्हाला नुसती बरोबरी पुरे होती. १५ एप्रिल, कोलकाता, हेच मैदान. लिस्टन कोलासोचा गोल, मग कमिंग्जचा. छांगटेने एक्याऐंशी... नाही, एकोणनव्वदाव्या मिनिटाला एक फेडला, पण तो उशिरा. दोन-एक. त्यांचे ४८, आमचे ४७. ते शील्ड घेऊन नाचले आणि आम्ही ताईकडे टीव्ही बंद करून वरणभात जेवलो. भाच्याने लोणचंसुद्धा मागितलं नाही.

"आणि आता परत तिथेच निघालात," काका म्हणाले. अकोला आलं होतं. उतरताना त्यांनी भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हा हरला तर रडेल. तुम्ही हरलात तर काय कराल?"

संध्याकाळी नागपूर. संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले, एक प्रवासात खायला आणि एक ताईला न्यायला. दुर्ग यायच्या आत दोन्ही संपले.

शुक्रवार, ३ मे. कोलकाता

जाग आली तेव्हा बाहेर झारखंड होतं, लाल माती आणि साल. टाटानगरला चहा. खडगपूरला झालमुरी. मोहरीचं तेल कच्चं घालतात, नाकात जातं. भाच्याने पहिला घास घेतला आणि विचारात पडला. "भेळेत चटणी टाकायची विसरलेत," असा त्याचा निकाल. दुसरा पुडा मात्र त्यानेच घेतला.

हावड्याला उतरून आम्ही मुद्दाम मेट्रोत शिरलो. हुगळीच्या खालून जाणारी ही मेट्रो लोकांसाठी मार्चमध्येच सुरू झाली होती. हावडा स्टेशन जमिनीत तीस मीटरहून खोल आहे. सरकते जिने उतरताना वाटतं, पाताळात चाललोय की काय. नदीखालचा बोगदा ५२० मीटर, ४५ सेकंदांत पार होतो. डब्यातले कोलकातेकरही अजून मोबाइल काढून काळ्या काचेचे व्हिडिओ घेत होते. भाच्याने सेकंद मोजले. त्याचे एकेचाळीसच भरले, पण तो भरभर मोजतो.

एस्प्लनेडला ही मेट्रो तेव्हा संपत होती. सियालदहून सॉल्ट लेककडे जाणारी वेगळी, मधला तुकडा अजून जोडायचा होता. तेवढ्यासाठी बस. सियालदहजवळ लॉज घेतलं. हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, पण आम्हाला स्टेडियमची मेट्रो दाराशी हवी होती.

लॉजच्या खाली चहाची टपरी. मातीचं भांड, दोन घोट, संपला. टपरीवाले दादा साठीचे, आमचे शर्ट पाहून उठून उभेच राहिले. मला वाटलं, आता भांडण. तर ते ईस्ट बंगालचे निघाले. त्यांच्या लेखी जगात दोन प्रकारचे लोक: मोहन बागानवाले, आणि मोहन बागानला हरवू शकणारे. आमची सोय दुसऱ्या गटात झाली. शेजारी बसून चहा पिणारे आजोबा मात्र अस्सल मोहन बागानचे. "मुंबईचे? महाराष्ट्रातले? म्हणजे बर्गी आले!" असं म्हणून खो खो हसले.

भाच्याला कळेना. मग रात्री त्याला सांगितलं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या होत्या. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, त्याचं इथे बर्गी झालं, आणि इथल्या आया आजही बाळाला झोपवताना त्या बर्गींची भीती घालतात. त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी १७४२मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तो रस्ता लॉजच्या दारावरूनच जात होता.

"म्हणजे आपण खंदकात झोपलोय?" भाचा म्हणाला.

"काठावर."

"आपण वाईट होतो का मग?"

मी त्याला झोपायला सांगितलं. पंखा गरम वाराच ढकलत होता.

शनिवार, ४ मे. सॉल्ट लेक

सकाळी ऊन चढायच्या आत कोलकात्याच्या ‘मैदान’ भागात गेलो. इथे क्लबांची कार्यालयं तंबू म्हणून ओळखली जातात, बांधकाम पक्कं असलं तरी. मोहन बागानच्या तंबूबाहेर उभे राहिलो, शर्ट साधे घालून. १८८९चा क्लब. १९११मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांना अनवाणी पायांनी दोन-एकने हरवून आयएफए शील्ड घेतली ती यांनीच. अकरांतला एकच जण बूट घालून खेळला होता. आमचा क्लब २०१४चा. भाच्याहून चार वर्षांनी लहान. तिथे उभं राहून मला पहिल्यांदाच जरा संकोच वाटला, आपण कुणाच्या घरी चाललोय याचा.

दुपारी जेवायला चिंगडी मलाई करी. मोहन बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा, हा इथला रिवाज. वाढणाऱ्याने आमच्याकडे संशयाने पाहिलं. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. कोळंबी कुठल्या पक्षाची आहे हे विचारून ती सोडायची रीत आमच्यात नाही. नारळाचं दूध, किंचित गोड, तिखट जवळजवळ नाहीच. मी दोनदा भात घेतला.

सियालदहहून मेट्रो, फुलबागान, मग सॉल्ट लेक स्टेडियम. डब्यात सगळं हिरवं आणि मरून. आम्ही निळे शर्ट पिशवीत ठेवले होते, ते आमच्या कोपऱ्यात पोचल्यावर चढवले.

बासष्ट हजार लोक म्हणजे काय, ते आकड्यावरून कळत नाही. आमच्या अंधेरीत काही हजार माणसं बसतात आणि वेस्ट कोस्ट ब्रिगेडचा, म्हणजे आमच्या चाहत्यांच्या गटाचा, ढोल सगळ्यांना ऐकू जातो. इथे शेजारी बसलेला ढोल बडवत होता आणि मला फक्त त्याचे हात हलताना दिसत होते. आम्ही पाहुण्यांच्या कोपऱ्यात, समुद्रात सांडलेल्या निळीच्या थेंबाएवढे.

पहिला अर्धा तास आम्ही बरे खेळलो. छांगटेचा एक फटका चौकटीवर आदळला. मग ४४वं मिनिट. त्यांच्या पेत्रातोसने लांबून मारला, आमच्या कीपरने, फुर्बा लाचेन्पाने अडवला, पण चेंडू सुटून पुढे पडला आणि कमिंग्ज तिथेच होता. आवाज अंगावर आला. भाच्याने माझ्या मनगटाला धरलं. मला वाटलं, घाबरला. तर म्हणाला, "उठायचं नाही." मध्यंतरात लघवीला जायचं म्हटलं तर स्वतः बरोबर आला.

त्रेपन्नाव्या मिनिटाला नोगेराने मागून लांब चेंडू उचलून दिला आणि पेरेरा डियाझ एकटाच पुढे. त्याने तो कीपरच्या बाजूने सारला. आणि मग फातोर्ड्याची ती शांतता. तीच. या वेळी मी भिंतीच्या आतल्या बाजूला होतो, आणि त्या शांततेतला बारीक आरडाओरडा माझाच होता.

पुढची पंचवीसेक मिनिटं मला नीट आठवत नाहीत. राहुल भेके आठवतो. आमचा कर्णधार, मुंबईचा मराठी मुलगा. २०१९चा अंतिम सामना अंधेरीत झाला तेव्हा बंगळुरूकडून खेळताना त्याने ११७व्या मिनिटाला हेडर मारून गोव्याला रडवलं होतं. या रात्री मात्र तो हातवारे करून सगळ्यांना फक्त मागे-पुढे सरकवत होता, लग्नात पंगत बसवणाऱ्या काकांसारखा.

एक्याऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या बॉक्समध्ये गोंधळ झाला आणि त्यातून बिपिन. पुन्हा बिपिनच! २०२१च्या अंतिम सामन्यातही याच मोहन बागानविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्यानेच मारला होता, फातोर्ड्यात. तेव्हा कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं आणि मी तो घरात, आवाज बारीक ठेवून पाहिला होता. इथे ओरडून घसा गेला. भाचा खुर्चीवर उभा, मग माझ्या खांद्यावर, मग पुन्हा खुर्चीवर.

मग उरलेली नऊ मिनिटं आणि वरची जादा. मी घड्याळ पाहिलं नाही. बाजूच्या स्टँडमध्ये लोक उठायला लागले होते. रेलिंगपलीकडच्या जिन्यावर एक बाबा मुलाचा हात धरून उतरत होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, हिरवा-मरून शर्ट गुडघ्यापर्यंत, मान मैदानाकडे वळलेली, पाय जिन्यावर अडखळणारे. बाबा त्याला ओढत होते. मला त्या बाबांना हाक मारावीशी वाटली, खरंच. पण कुठल्या भाषेत काय सांगणार? आणि सत्त्याण्णवाव्या मिनिटाला व्होय्टुसने तिसरा मारला. तो मुलगा जिन्यावर थांबला होता, त्याने तो पाहिला असणार.

तीन-एक. भेकेने कप उचलला तेव्हा स्टेडियममध्ये बहुतेक खुर्च्याच होत्या. पोलिसांनी आम्हाला बराच वेळ आतच ठेवलं. बाहेर मेट्रोला लांबच लांब हिरवी-मरून रांग. आम्ही शर्ट उलटे करून घातले आणि फुलबागानवरून सियालदहपर्यंत चालत गेलो. कुणी काही बोललं नाही. एका कोपऱ्यावर चारपाच पोरं फुटपाथवर बसली होती, त्यांतल्या एकाने भाच्याच्या उलट्या शर्टाची शिवण पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसता अंगठा वर केला.

टपरी बंद होती. पण टपरीवाले दादा लॉजच्या पायरीवर आमची वाट पाहत बसले होते. त्यांना तिन्ही गोल पहिल्यापासून सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगताना भाच्यानेच सांगितले.

रविवार, ५ मे. परतीची गाडी

दुपारची गीतांजली. ताईसाठी संदेश घेतले, नलेन गुळाचे मिळाले नाहीत, तो थंडीतला गूळ. हावडा सोडताना भाचा वरच्या बर्थवरून खाली आला, माझ्या शेजारी बसला आणि मोबाइल काढला.

"घे. बघ आता."

फातोर्ड्याचा व्हिडिओ. कोपऱ्यात वेळ दिसत होती, ८९ मिनिटं आणि काही सेकंद. म्हणजे त्या क्षणी मी गाड्यावर दोन प्लेट सांगत होतो. चेंडू उजवीकडे आला, छांगटेने पाय मागे घेतला. गाडी सांत्रागाछी सोडून निघाली होती, नेटवर्क गेलं आणि पडद्यावर ते पांढरं चक्र गरगर फिरायला लागलं.

मी पाणी घ्यायला म्हणून उठलो. भाच्याने शर्ट धरून मला खाली बसवलं.

"थांब. येईल."